शेफील्डच्या पायरीवरचे विठ्ठलराव

वेणुगोपालला शेफील्ड शहर तोंडपाठ होतं. कुठल्या चढावरून ट्राम उतरायची, कुठलं धुराडं आधी पाडलं आणि कुठलं नंतर, कुठल्या कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यात आता दातांचा डॉक्टर बसतो, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. फक्त बेंगळुरूत त्याला हे कोणी विचारत नव्हतं. इंग्लंड त्याने पाहिलेलं नव्हतं. पासपोर्ट काढायचा प्रसंग आला नव्हता. लग्नकार्यासाठी होसूरला गेला की राज्याची हद्द ओलांडली म्हणून तोच प्रवास तो परदेशवारीत धरायचा.

जयनगरात मात्र तो वाट चुकायचा. जन्म तिथला, शाळा तिथली, पन्नाशी तिथेच उलटली, तरी वडिलांचा 'जयभवानी फोटो स्टुडिओ' नेमका कुठल्या गाळ्यात होता यावर त्याचं आणि त्याच्या आईचं एकमत होत नसे. आई म्हणायची, आता मोबाइलची कव्हरं विकतात तिथे. वेणुगोपाल म्हणायचा, त्याच्या शेजारी, जिथे लोक कॉफीसाठी रांग लावतात आणि पिण्याआधी तिचा फोटो काढतात तिथे. शेफील्डकरांनी आपल्या गावातल्या गटाराच्या झाकणाचासुद्धा फोटो काढून ठेवला होता. जयनगरकरांनी फोटो काढले ते बारशाचे, लग्नाचे आणि घरातलं माणूस गेल्यावर भिंतीवर लावायचे. मागे चुकून रस्ता दिसलाच, तर तो खोडून तिथे काश्मीर लावा, असं गिऱ्हाईक स्वतः सांगायचं. त्यामुळे जयनगरचा रस्ता कसा होता हे आता कोणालाच माहीत नाही, पण त्या काळी तिथून बर्फाचे डोंगर दिसत असावेत असा पुरावा घरोघरी आहे.

वेणुगोपाल सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत जुने फोटो दुरुस्त करायचा. गळ्यातल्या ओळखपत्रावर त्याचा हुद्दा तीन ओळींत लिहिलेला होता. शेफील्डवर एक जाडजूड पुस्तक निघत होतं. डाव्या पानावर शहरातली एखादी जागा पूर्वी कशी होती, उजव्या पानावर तीच जागा आज. जुन्या फोटोवरची धूळ, ओरखडे, बुरशी काढायची आणि नवा फोटो असा जुळवायचा की दोन्हीकडचा फुटपाथ एका रेषेत आला पाहिजे. तिकडच्या माणसांकडून हे करून घेणं महाग पडत होतं. मग आपल्या गावच्या आठवणी घासूनपुसून घ्यायला त्यांनी, आपण भांड्यांना बाई लावतो तसा, वेणुगोपाल लावला होता.

त्याचा साहेब मल्हार. तिशीचा, पुण्याचा, बेंगळुरूत येऊन पुरतं वर्षही न झालेला. वेणुगोपाल घरी मराठी बोलतो हे कळलं त्या दिवशी त्याला कोण आनंद झाला. “काका, तुमचं मराठी कसलं क्यूट आहे! तो 'स्वल्प' शब्द म्हणजे एकदम ताम्रपटच!” वेणुगोपालच्या घराण्याचं मराठी बेंगळुरूत कन्नडच्या शेजारी राहून राहून पिढ्यान्‌पिढ्या टिकलं होतं. पण कोणाचं मराठी क्यूट आणि कोणाचं खरं, हे ठरवण्याचा परवाना माणसं पुण्याहून निघतानाच सामानात बांधून आणतात. वेणुगोपालने होकार भरला, “सरी, साहेब.”

फोटोची कला त्याला वडिलांकडून आली होती. विठ्ठलराव, घरात सगळ्यांचे अप्पा, हे जयनगरातले नावाजलेले कारागीर. निगेटिव्हवरचे नको ते डाग ते एका जुन्या वस्तऱ्याच्या पात्याने खरवडून काढत. त्या पात्यावर शेफील्ड हे नाव कोरलेलं होतं. वेणुगोपालने ते नाव आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते तिथे. पण अप्पांची खरी ख्याती होती ती गेलेल्या माणसांच्या फोटोंबद्दल. लोक यायचे ते कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन. त्यात मागच्या रांगेत, कोणाच्या तरी कोपराआड, वारलेल्या माणसाचं डोकं असायचं. अप्पा ते डोकं उचलून मोठं करायचे आणि त्याखाली स्टुडिओतला कोट चढवायचे. कोट एकच होता, काळा. त्याचं दुसरं बटण तुटल्यावर अप्पांनी तपकिरी लावलं होतं, ते तसंच राहिलं. त्यामुळे जयनगरातले कारकून, हलवाई, बसचे कंडक्टर, गवंडी, सगळे त्याच कोटात आणि त्याच तपकिरी बटणासकट स्वर्गाला गेले. तिथे चित्रगुप्ताला एकाच कंपनीची माणसं एवढी कशी येतात असा प्रश्न पडला असणार.

या धंद्यात अप्पांचे काही कायदे होते. अर्धा माणूस दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यातला एक. फोटोत कोणाचा हात कापला गेला असेल, चेहरा हलला असेल, तर तो पुरा करूनच द्यायचा. अर्धवट माणूस भिंतीवर लावला की घराला लागतो म्हणे. दुसरा कायदा त्याहून कडक होता. फोटो तयार झाला की तो घरच्या बाईच्या हातात द्यायचा आणि गप्प उभं राहून तिच्या तोंडाकडे बघायचं. ती म्हणाली, “हे कोण?” तर फोटो परत घ्यायचा आणि नव्याने करायचा. ती रडली तर काम झालं. “रडलं त्याचा फोटो,” असं अप्पा म्हणत. एकदा तर शेजारच्या घरातली बाई भलत्याच घरच्या माणसाच्या फोटोपुढे रडली, तेव्हा अप्पांनी तो तिलाच देऊन टाकला आणि खऱ्या घरासाठी दुसरा केला.

गल्ल्यावर इंदिराबाई बसायच्या, वेणुगोपालची आई. पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं घालायच्या, कन्नडमध्ये, इंग्रजीत, ज्याला जी हवी त्या लिपीत. चेहरा जमला की नाही हे त्यांना गिऱ्हाइकाच्याही आधी कळायचं.

आता अशा माणसाचा स्वतःचा एक तरी फोटो असायला नको? नव्हता. आपल्याच कॅमेऱ्यापुढे बसलं की दुकान बसतं, अशी अप्पांची समजूत. ते कधीच बसले नाहीत, तरी दुकान बसलंच. लग्नाच्या फोटोत त्यांच्या तोंडावर फुलांचं एवढं बाशिंग होतं की आत कोण आहे हे इंदिराबाईंनी निव्वळ विश्वासावर घेतलेलं. उरला आधार कार्डावरचा. त्यात विठ्ठलराव नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसत. ते वारल्यावर त्यांच्यासाठी भिंतीवर एक खिळा ठोकला गेला, आणि तो रिकामाच राहिला.

वेणुगोपालने प्रयत्न केले नाहीत असं नाही. आधार कार्डावरचा चेहरा घेऊन त्याने गाल भरले, केस विंचरले, कोट चढवला. इंदिराबाईंनी चष्मा लावला, बघितलं आणि विचारलं, “हे कोण?” त्याने पुन्हा केला. “हे कोण रे?” पुढे पुढे तर त्या चष्माही लावेनाशा झाल्या. दरवर्षी श्राद्धाला पानं वाढली जात, भटजी नाव-गोत्र विचारत आणि सगळे रिकाम्या खिळ्याला नमस्कार करून जेवायला बसत. परक्या शहराची शंभर वर्षं झळझळीत करणाऱ्या माणसाला आपला बाप जमत नव्हता. याची त्याला लाज वाटायची. बायको पवित्रा समजूत घालायची, पण तीसुद्धा पाहुणे येणार असले की त्या खिळ्यावर कॅलेंडर अडकवायची.

अशात पुस्तकातल्या एका पानाचं काम त्याच्याकडे आलं. शेफील्डमधली एक चढाची गल्ली, एक सुऱ्या-कात्र्यांचं दुकान आणि दाराच्या पायरीवर एक भूत. जुन्या कॅमेऱ्यांना फोटो घ्यायला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात माणूस हलला की त्याचा धूर व्हायचा. या माणसाचे बूट स्पष्ट होते. वर कंबर, खांदा, डोकं, सगळा करडा धूर. उजव्या पानावर त्याच जागी आज एक बंद शटर होतं आणि कचऱ्याचा डबा.

सूचना स्पष्ट होत्या. धूळ काढा, ओरखडे काढा, भुतांना हात लावू नका. शेफील्डकरांना आपली भुतं जशीच्या तशी हवी होती. वेणुगोपालने धूळ काढली, ओरखडे काढले. पण त्या बुटांवरून त्याची नजर हलेना. एक पाय पायरीवर, एक खाली. कमरेवर ठेवलेल्या हाताचा अंदाज धुरातूनही येत होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अप्पा असेच दारात उभे राहायचे. आणि अर्धा माणूस दुकानाबाहेर कसा जाऊ द्यायचा?

सगळे जेवायला गेले होते. आधी त्याने कोट चढवला. काळा, दुसरं बटण वेगळं. मग चेहरा. या खेपेला समोर आधार कार्ड नव्हतं, काहीच नव्हतं, हात आपोआप चालला. गिऱ्हाईक येतंय का म्हणून बारीक केलेले डोळे, नाकपुडीजवळची सुरकुती, पान खाऊन किंचित वाकडा झालेला ओठ. हात थांबला तेव्हा शेफील्डच्या त्या पायरीवर अप्पा उभे होते. वेणुगोपाल खुर्चीतच मागे सरकला. त्याला हसू आलं.

हा फोटो घरी न्यायचा कसा, हा खरा प्रश्न होता. कंपनीत शिरताना मोबाइल कपाटात ठेवावा लागायचा, संगणकाला बाहेरचं काही जोडता येत नव्हतं, आणि तिथे केलेली रेघ न् रेघ गिऱ्हाइकाच्या मालकीची असं त्याने सहीनिशी मान्य केलेलं होतं. तेव्हा कायद्याने विठ्ठलराव आता एका इंग्रज प्रकाशकाचे झाले होते. फोटो पुसून टाकावा आणि भुताचा खरा फोटो द्यावा, हे शहाणपणाचं होतं. वेणुगोपालने दोन्ही ठेवले. पुसायचं उद्या बघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सिल्क बोर्डच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना मल्हारने पुढाकार घेतला. मल्हारसारखी माणसं पुढाकार घेतात तेव्हा काय होतं हे सांगायला नको. त्याने फोल्डर उघडलं, दोनातला जास्त सुंदर दिसणारा फोटो उचलला आणि मुदतीच्या आधी पाठवून दिला. “काका, तुमचं पण सबमिट करून टाकलं. क्लाएंट जाम खूश!” पुढे त्या पानाची तीनदा तपासणी झाली. इथे एकाने केली, तिथे दोघांनी. तिघांनीही फुटपाथ एका रेषेत आहे की नाही ते बारकाईने पाहिलं, आणि तो होता. पुस्तक छापलं गेलं.

मग डोरीनबाई उगवल्या. शेफील्डमधल्या म्हाताऱ्या बाई, एकट्या राहणाऱ्या. पुस्तक चाळता चाळता त्या पानाशी थबकल्या आणि त्यांनी प्रकाशकाला कळवलं की तुमच्या पुस्तकात माझे आजोबा आहेत. आल्बर्ट त्यांचं नाव. ते दुकान त्यांचंच. प्रकाशकाला आनंदाचं भरतं आलं, त्याने मल्हारला कळवलं, मल्हारने केक मागवला. ज्याने हा फोटो जिवंत केला त्या कलाकाराशी डोरीनबाईंना व्हिडिओवर बोलायचं होतं. “काका, हे ह्यूज आहे! तुमची स्टोरी आपण सगळीकडे टाकू.”

वेणुगोपालला राग आला होता. डोरीनबाईंचा, आल्बर्टचा, स्वतःचा तर फारच. माझा बाप, आणि नाव आल्बर्ट? नोकरी जाईल तर जाऊ दे, पण आपण सांगायचंच, असं त्याने ठरवलं. सकाळपासून तो एक वाक्य मनातल्या मनात इंग्रजीत घोकत होता. मॅडम, ते तुमचे आजोबा नाहीत, ते माझे वडील आहेत. घोकता घोकता त्यालाच ते वेड्याच्या इस्पितळातलं वाटायला लागलं, तरी त्याने सोडलं नाही.

पडद्यावर डोरीनबाई आल्या. पांढरे केस, हिरवा स्वेटर, मांडीवर पुस्तक उघडलेलं. मल्हारने त्यांना शेफील्डच्या हवेबद्दल विचारलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “माझी आई सांगायची, तो असाच उभा राहायचा. एक पाय पायरीवर. सुऱ्या विकायचा, वस्तरे विकायचा, गिऱ्हाईक नसलं की असा उभा. लढाईवर गेला तो परत आलाच नाही. घरात एक फोटो नव्हता हो त्याचा. मी त्याला जन्मभर पाहिलं नव्हतं.” आणि त्या रडायला लागल्या. शिष्टाचाराचं रडणं नव्हतं ते. चष्मा काढून, नाक ओढत, शेजाऱ्यांची पर्वा न करता त्या रडत होत्या.

मल्हार केकच्या सुरीशी चाळा करत बसला. वेणुगोपाल मात्र, वडिलांनी शिकवलं होतं तसा, गप्प राहून त्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. पण दुकानाचा कायदा त्याला ठाऊक होता. रडलं त्याचा फोटो.

डोरीनबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “तुम्ही त्यात काही बदललंत का हो?”

मल्हारने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“नाही मॅडम,” वेणुगोपाल म्हणाला. “स्वल्प धूळ होती. तेवढी काढली.”

'स्वल्प' त्यांना कळलं नसणार, पण त्यांनी मान डोलावली. घरचा पत्ता मागितला. काहीतरी पाठवायचंय म्हणाल्या. त्यानंतर सगळ्यांनी केक खाल्ला. वेणुगोपाल हात धुवायला म्हणून गेला आणि नळ सोडून उभा राहिला. बाप दुसऱ्यांदा गेला होता, आणि या खेपेला त्यानेच दिला होता. बाहेर मल्हार कोणाला तरी सांगत होता की काका एकदम इमोशनल झाले, सो स्वीट.

काही आठवड्यांनी इंग्लंडहून खोका आला. थेट आला असता तर आपलं सरकार कसलं? आधी तो कस्टममध्ये अडकला. आत काय आहे, असं विचारणारा कागद आला. वेणुगोपाल कचेरीत गेला. डोरीनबाईंनी कळवलं होतं तसं, आत फ्रेम केलेला फोटो आहे म्हणाला. कोणाचा, असं खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं. वेणुगोपाल जरा अडखळला आणि म्हणाला, “वडिलांचा.” खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे, मग खोक्यावरच्या शेफील्डच्या पत्त्याकडे बघितलं आणि जास्त न विचारता शुल्क लावलं. स्वतःच्या बापावर आयात शुल्क भरलेला वेणुगोपाल हा जयनगरातला बहुधा पहिलाच माणूस.

घरी इंदिराबाई खिडकीपाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. “काय रे ते?”

“इंग्लंडच्या एका बाईने पाठवलंय. मी काम केलं होतं त्यांचं.” त्याने खोका फोडला. चांगली जाड लाकडी चौकट, आत तोच फोटो, मोठा केलेला. आजूबाजूची गल्ली कापून टाकलेली, फक्त दार, पायरी आणि माणूस. खाली पितळेची पट्टी, तिच्यावर कोरलेलं नाव: आल्बर्ट, शेफील्ड. डोरीनबाईंनी खर्चात कुचराई केलेली नव्हती.

“आई, स्वल्प चष्मा लाव.”

“पुन्हा केलास होय एखादा?” म्हणत इंदिराबाईंनी कुरकुरतच चष्मा लावला. त्याने फ्रेम त्यांच्या हातात दिली आणि गप्प उभा राहिला.

इंदिराबाईंचं एक बोट काचेवरून कोटापाशी आलं आणि थांबलं.

“अय्यो, बटण तेच ठेवलं यांनी,” त्या म्हणाल्या. “किती वेळा म्हटलं, काळं लावून देते म्हणून. ऐकतील तर शपथ.”

मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या. वेणुगोपाल खाली बसला आणि त्याने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. असं तो शाळेत असताना करायचा.

थोड्या वेळाने मान वर केली तर इंदिराबाई चष्मा सावरून पितळी पट्टीवर बोट फिरवत होत्या. एक एक अक्षर. आईने जन्मभर गिऱ्हाइकांच्या पाकिटांवर इंग्रजीत नावं घातली होती, हे तो साफ विसरला होता. ते त्या लोकांचं असंच असतं, कंपनीचं नाव आहे, असलं काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं.

“ती बाई,” इंदिराबाईंनी विचारलं, “रडली का?”

“हो,” तो म्हणाला. “खूप.”

“सरी मग.” त्यांनी फ्रेम त्याच्या हातात दिली. “ते कॅलेंडर काढ आधी. आणि बाजारात जाऊन हार आण. शेवंतीचा. स्वल्प लांब आण, खालची पट्टी झाकली पाहिजे.”